लाल दोऱ्याचं पोतं

तक्रार करून तुमच्या हाती काय लागलं, असं लोक मला विचारतात. किस्से लागले! पवनी तालुक्यात, आसगावच्या बाजूला एका सरकारी गोदामाचा मी गोदामपाल होतो. तक्रारीच्या त्या दोन वर्षांत इतके किस्से साचले की आता सांगतानाही दम लागतो.

*

पहिला सिंधूबाईचा. फाटलेली पोती शिवायचं काम तिच्याकडे. शिवलेलं पोतं थप्पीच्या वर ठेवायचं असतं, म्हणून ते चटकन दिसावं यासाठी ती लाल दोरा वापरायची. एक दिवस राइस मिलचा ट्रक नवीन भरडाईचा तांदूळ घेऊन आला आणि ती दाभण हातात धरून एका पोत्यापाशी थांबली.

"साहेब, हा टाका माहा हाये."

टाका पोत्याच्या तोंडाला होता. म्हणजे दिवाळीआधी आम्ही रेशन दुकानाला पाठवलेलं पोतं, तोंडही न उघडता, मिलमार्गे नवा तांदूळ होऊन परत आलं होतं. कागदावर तो तांदूळ लोकांनी केव्हाच खाल्ला होता, आणि सरकार तोच पुन्हा विकत घेत होतं!

*

मी वर तक्रार पाठवली. नाव गुप्त ठेवावे, असं खाली दोनदा लिहिलं. आठवड्याभरात मिलमालकाचा फोन. शिवी नाही, धमकी नाही.

"साहेब, अक्षर मोठं सुंदर हाये तुमचं," एवढंच म्हणाला.

*

मिलमालकाला माझं नाव कळलं, माझ्याच ऑफिसला नाही. तिकडून पत्र आलं: ही तक्रार कोणी केली, याचा गोदामपालाने शोध घेऊन अहवाल द्यावा. मी कळवलं, शोध सुरू आहे. तीन स्मरणपत्रं आली. तिन्हींना तेच उत्तर दिलं.

*

सासुरवाडीला जेवायला बसलो होतो. सासरे चिडलेलेच होते.

"जावईबुवा, तो तांदूळ का तुमच्या घरचा हाये? कायले डोक्स्याले ताप करून राहिले?"

भात वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, या महिन्याचं राशन तर अजून आलंच नाही. सासऱ्यांनी पुन्हा भात घेतला नाही.

*

शेवटी चौकशी लागली. चौकशीचे साहेब आले. दहा वर्षं ज्यांच्यासोबत चहा प्यायलो, त्या सगळ्या हमालांनी एकच सांगितलं, आठवत नाही. फार लागलं ते मला.

सिंधूबाईची मुलगी भंडाऱ्याला नर्सिंग शिकत होती, आणि घर या शिलाईवर चालत होतं. बोललीस तर उद्यापासून येऊ नको, असं गोदामातल्या मजुरीच्या ठेकेदाराने सिंधूबाईला बजावलं होतं. मीही तिला गप्प राहायलाच सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा ती मात्र उठून उभी राहिली आणि टाका आपला असल्याचं सांगितलं.

साहेब म्हणाले, लाल दोरा कोणीही आणेल. तिने वाद घातला नाही. खाली बसली आणि शेजारचं एक पोतं शिवून दाखवलं. सिंधूबाई डावखुरी, तिचा टाका उलट्या बाजूला झुकतो. मिलमधून आलेलं ते पोतं मी जपून ठेवलं होतं; दोन्ही शेजारी ठेवली, टाके हुबेहूब! साहेबांनी फोटो काढले. मी मूर्खासारखे पेढे वाटले.

चार महिन्यांनी निष्कर्ष आला: यापुढे गोदामातील पोती हाताने न शिवता मशीनने शिवावीत. मिलबद्दल एक ओळ नाही. सिंधूबाईचं काम गेलं. माझी बदली तुमसर तालुक्यात, चिखल्याच्या बाजूला झाली.

*

परवा इथल्या गोदामात नव्या तांदळाचा ट्रक लागला. हमाल पोती उतरवत होते. एका पोत्याच्या तोंडाला लाल दोरा दिसला. जवळ जाऊन पाहिलं, टाका उलट्या बाजूला झुकलेला.

ते पोतं मी बाजूला काढायला लावलं आणि सिंधूबाईला फोन केला. ती हल्ली रोजाने धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, मजुरीला जाते. सगळं सांगितलं. तुझं काम माझ्यापायी गेलं, आणि पोतं अजून फिरतंच आहे, असंही म्हणालो.

तिने विचारलं, "साहेब, टाका उसवला त नाही ना?"