सरूबाईनं मारलेला नायक

आंदर मावळातल्या सरूबाईला गोष्टी सांगता यायच्या, आणि हे तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं. वस्तीवरच्या विहारात पौर्णिमेची वंदना आटोपली की बायका तिच्याभोवती कोंडाळं करायच्या. कान्ह्याजवळच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसवर ती कामाला लागली त्याला आता नऊ वर्षं झाली होती. तिथंही लांब टेबलाच्या मधोमध उभं राहायची जागा तिचीच. दोन्ही अंगांना बायका देठ मापायच्या, खालची पानं-काटे काढायच्या, वीस-वीस फुलांच्या जुड्या पुठ्ठ्यात गुंडाळायच्या, आणि सरूबाई सांगत असायची. हरवलेल्या भावाची गोष्ट सांगताना तिचा आवाज असा कातर व्हायचा की सगळं टेबल नाक ओढायला लागायचं. जेवणाच्या सुट्टीत मग कुणाची सुकटाची चटणी, कुणाचं भरलं वांगं तिच्या डब्याच्या झाकणात येऊन पडायचं.

डिसेंबरात अल्फिया कामावर आली. स्टेशनामागं राहणारी, बावीस वर्षांची, बारीक आवाजाची पोरगी. आठवडाभर ती कुणाशी बोलली नाही. एका दुपारी भामाबाईनं तिला हटकलं. भामाबाई म्हणजे सरूबाईची जिवाभावाची मैत्रीण.

"फोनमधी काय बघती गं पोरी, डोळं पुसत?"

"कोरियाची मालिका आहे, मावशी."

"मंग सांग की आमाला बी."

अल्फियानं सांगितलं. मिनजू नावाची मुलगी एक छोटी खाणावळ चालवते. तिचा बाप मोटारीखाली सापडून गेलेला. एक तरुण रोज संध्याकाळी येतो, कोपऱ्यात बसतो, मुकाट जेवतो. ज्या मोटारीनं तिचा बाप गेला ती याच्या बापानं चालवली होती. हे तिला माहीत नाही. त्याला सांगायचंय, पण तोंडातून शब्द फुटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मिनजूची मंजू झाली. नायकाचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तो नुसता 'त्यो' झाला. सकाळी टेम्पोतून उतरल्या उतरल्या बायका विचारू लागल्या, "आज त्यो सांगतोय का न्हाई?"

सरूबाई ऐकत नाही असं दाखवायची आणि एकेक शब्द ऐकायची. पोरीला सांगता येत नव्हतं. मध्येच अडखळायची, मागचं पुढं करायची, आवाज चढवणं नाही की उतरवणं नाही. तरी बायकांचे हात थांबायचे. सरूबाई मग आपली जुडी उगाच घट्ट आवळायची.

"सोळा दिस झालं," ती एकदा फणकारली, "अजून त्यानं तिच्या हाताला हात लावला न्हाई. ही काय गोष्ट म्हणायची?"

"म्हणून तर जीव टांगून ऱ्हातो," भामाबाई म्हणाली. "काल तिनं त्याच्या वाटीत मासळीचा मधला तुकडा वाढला. बोलली काय न्हाई. मला घरी जाऊन बी त्योच तुकडा दिसत व्हता."

त्या दिवशी भामाबाईनं आपल्या डब्यातली मेथी अल्फियाला वाढली. सरूबाईनं आपल्या डब्याचं झाकण लावून घेतलं.

जानेवारीच्या शेवटी अल्फियाच्या भावाचं, इर्शादचं लग्न निघालं. ती चार दिवस रजेवर गेली. मालिकेचे दोनच भाग उरले होते. फेब्रुवारीच्या मागणीमुळं टेबलावर गुलाबांचे ढीग होते, बायका तासन्‌तास उभ्या, आणि सांगायला कुणी नाही. सरूबाईनं हरवलेल्या भावाची गोष्ट काढली. अर्ध्यावर एकीनं म्हटलं, "ऐकलीया ती, मावशे. त्या मंजूचं काय झालं आसंल गं?"

सरूबाईनं हातातली जुडी टेबलावर आपटली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "लोणावळ्याच्या नातीनं समदं दाखवलंय मला फोनवर."

सगळं टेबल तिच्याकडं वळलं. किती दिवसांनी वळलं! आणि सरूबाई सांगत सुटली. मंजूला कळलं. तिनं दार लावून घेतलं. बाहेर बर्फ पडत होता. तो दारात उभा राहिला, रडला, बापाच्या पापाची माफी मागितली. आतून ती शिव्याशाप देत होती. सकाळी दार उघडलं तर त्यो उंबऱ्याशी गार पडलेला. सरूबाईनं मंजूचा असा हंबरडा फोडला की पाणी भरणारा निवृत्तीदेखील पाइप टाकून उभा राहिला. बायका ढसाढसा रडल्या. भामाबाईनं तिला पोळीचा लाडू दिला. तो लाडू सरूबाईला फार गोड लागला.

पाचव्या दिवशी अल्फिया आली, हाताला मेंदी लावलेली. बायकांनी तिला घेरलं.

"मेला ना गं बिचारा!"

"कोण मेला? तो तर शेवटी तिच्याच खाणावळीत भांडी घासतोय."

मग अल्फियानं शेवट सांगितला. तो धीर करून सगळं सांगतो तेव्हा मिनजू म्हणते, "ठाऊक आहे." तिला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक असतं. मग मागचं सगळं पुन्हा दाखवतात, पण या वेळी तिच्या बाजूनं. तो दारातून आत येतो तेव्हा आत चुलीपाशी ती पुसलेलंच भांडं पुन्हा कशी पुसत राहते. ताट परत नेताना ती किती वेळ भिंतीला टेकून उभी राहते. आणि मासळीचा तो तुकडा वाढायच्या आधी ती तो दोनदा परत पातेल्यात टाकते.

भामाबाईनं सरूबाईकडं पाहिलं. "सरे, मनानं रचलं व्हतंस, तर तसं सांगायचंस. आमी तरी बी रडलो आसतो."

सरूबाईचं तोंड उतरलं. पण खोटं उघडं पडल्याचं तिला जितकं लागलं, त्याहून जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. मंजूला ठाऊक होतं. एवढी साधी, एवढी जीवघेणी कल्पना, आणि ती आपल्याला कशी सुचली नाही? आपण मेलं दार लावलं आणि बर्फात माणूस मारला.

सुट्टीत ती अल्फियापाशी जाऊन बसली. "दाव मला. तुकड्याचं."

अल्फियानं फोन पुढं धरला. सरूबाईला पडद्याखालची अक्षरं वाचता येत नव्हती. भाषा तर मुळीच कळेना. अल्फिया सांगायला लागली तशी तिनं तिला गप्प केलं. पडद्यावर एक मुलगी डावातला मासळीचा तुकडा परत पातेल्यात टाकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. संगीतसुद्धा थांबलं होतं. सरूबाई आयुष्यभर आपल्या गोष्टींतल्या माणसांना मोठमोठ्यानं रडवत आली होती, म्हणजे ऐकणाऱ्याला रडू यावं. इथं ती पोरगी रडत नव्हती, म्हणून सरूबाईलाच रडावं लागलं. तिनं पदरानं तोंड दाबलं. अल्फियासमोर रडावं लागलं याची तिला इतकी लाज वाटली की ती तशीच उठून गेली.

"मावशी," अल्फिया मागून म्हणाली, "तुम्ही त्याला मारलंत ते कसं? मला पण सांगा ना."

"जा गं," सरूबाई म्हणाली.

आठवडाभर तिनं टेबलावर एकही गोष्ट काढली नाही. मग एका सकाळी तिनं हरवलेल्या भावाची गोष्ट पुन्हा धरली. बारा वर्षांनी भाऊ बहिणीच्या दारात येतो. इतकी वर्षं इथं बहीण गळ्यात पडून आक्रोश करायची. या वेळी सरूबाईच्या गोष्टीतल्या बहिणीनं त्याला ओळखलं आणि ती आत गेली. तिनं भाकरीला पीठ घेतलं. थोडं मळलं. मग परातीत अजून एक मूठ पीठ टाकलं, त्याच्या वाटणीचं. सरूबाई थांबली आणि तिनं पुढचं फूल उचललं.

"मंग?" भामाबाई म्हणाली. "रडली का न्हाई ती?"

"न्हाई."

"आगं, सख्खा भाऊ ना? आशी कशी ही बया! आदीचीच बरी व्हती गोष्ट."

दोघी-तिघींनी माना डोलावल्या. कुणीतरी नव्या टेम्पोवाल्याचा विषय काढला.

सरूबाईनं वर पाहिलं. टेबलाच्या टोकाला अल्फियाचा देठ मापायचा हात तसाच अधांतरी राहिला होता आणि तिचे डोळे भरून आले होते. सगळ्या टेबलावर समजलं होतं ते फक्त तिला. याचाच सरूबाईला सगळ्यात जास्त राग आला.