झाकणबाईंची शिकवणी

बालकल्याण कार्यालयातल्या बाईंना सगळी वस्ती पाठीमागे ‘झाकणबाई’ म्हणायची. एखाद्या घरात मुलाची आबाळ होतेय अशी तक्रार आली, की बाई तिथे जाऊन थडकायच्या, बोलता बोलता स्वयंपाकघरात शिरायच्या आणि पातेल्यांवरची झाकणं उचलून बघायच्या. अन्न असलं तर घर ठीक, नसलं तर मूल बालगृहात. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण दुसरंही काही कुणी शिकवलं नव्हतं. नोकरी लागली तेव्हा साहेब एवढंच म्हणाले होते, “तुम्ही लेकुरवाळ्या, तुम्हाला काय वेगळं सांगायचं!”

पुढे सीमेपलीकडच्या एका सेवाभावी संस्थेने इथल्या लोकांना समाजकार्याचं रीतसर शिक्षण द्यायचं ठरवलं. दर महिन्याला तिकडून एक शिक्षिका बसने यायच्या. सरहद्दीवरच्या रांगेत ताटकळून त्यांचे पाय भरून आलेले असायचे, तरी बेकरीच्या वरच्या खोलीत दिवसभर उभ्याने शिकवायच्या.

“केस पिकल्यावर शाळेत निघालीस? डबा देऊ भरून?” बाईंनी नाव नोंदवलं, तशी नवऱ्याने टर उडवली.

“द्या की! तेवढंच तुमच्या हातचं.”

त्याने खरंच दिला. कालचा भात आणि करपलेली भाजी.

नेमकं त्याच दिवशी शिक्षिका बाईंना म्हणाल्या, “आज तुम्ही घरमालकीण, मी तपासायला आलेली.” आल्या, हसून नमस्कार केला आणि सरळ बाईंचा डबा उघडला. अख्ख्या वर्गाने माना उंचावल्या. बाईंचे कान तापले.

“अहो, विचाराल तरी!”

“हो ना,” शिक्षिकांनी डबा बंद केला. “विचारायला हवं होतं.”

सगळे हसले, बाईही हसल्या. पण घरी जाताना त्यांच्या डोळ्यांसमोर एकच दार येत होतं, म्हाताऱ्या शिंप्याचं.

शिंपी आजोबा आणि त्यांची सात वर्षांची नात, एवढंच ते घर. पोरीची आई गेली, बापाने काखा वर केल्या. संध्याकाळी पोर जिन्यात एकटी दिसते, अशी कुणीतरी तक्रार केली होती. बाईंनी जाऊन पाहिलं तर भांडी रिकामी, चूल थंड. तसं त्यांनी साहेबांना सांगितलंही होतं. तेव्हापासून बाई दिसल्या की आजोबा कडी लावून घ्यायचे. सोमवारी निर्णय होता. नवं काही पुढे आलं नाही, तर पोर बालगृहात जाणार होती.

बाई दुसऱ्याच दिवशी गेल्या. आतून कडी लागलीच. “मी आत येत नाही,” त्या दाराशी म्हणाल्या. “इथे जिन्यावर बसते. वाटलं तर बोला.”

आतलं शिलाई मशीन थांबलं, मग परत सुरू झालं. समोरचा गप्प असला की आपणही गप्प राहायचं, असं शिक्षिकांनी सांगितलं होतं. बोलघेवड्या बाईंना ही शिक्षाच होती. जीभ चावून बसल्या.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, “परत भांडी बघायला आलात?”

“नाही. मागे न विचारता बघितली, चुकलं माझं. तुमची संध्याकाळ कशी जाते, ते ऐकायला आले.”

कडी निघाली. “आम्ही दोघं खाली इस्त्रीवालीकडे जेवतो,” आजोबा म्हणाले. “मी तिच्या घरचं शिवण करतो, ती आम्हाला वाढते. पोर पुढे पळते. माझे गुडघे धरलेत, मला जिना उतरायला वेळ लागतो.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“विचारलंत कुठे? आणि दुसऱ्याच्या घरी जेवतो म्हटलं असतं, तर पोर नेलीच असतीत.”

बाई तशाच उठल्या. खाली जाऊन त्यांनी इस्त्रीवालीला विचारलं, “ही पोर रोज तुमच्याकडे जेवते?”

“जेवते? डोक्यावर बसते माझ्या!” इस्त्रीवाली म्हणाली आणि हसली.

सोमवारी बाई त्या तिघांनाही कार्यालयात घेऊन गेल्या. साहेबांच्या कपाळाला आठ्या. “यांचं काय काम? सांगायचं तुम्ही.”

“घर त्यांचं आहे, साहेब. तेच सांगतील.”

आजोबा अडखळत बोलले, पण सगळं बोलले. “उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात तर?” साहेबांनी विचारलं.

“मी काय मेलेय का?” इस्त्रीवालीने मध्येच तोंड घातलं. साहेबांनाही हसू आवरेना. पोर आजोबांकडेच राहील, इस्त्रीवाली हाताशी असेल, गुडघ्यांच्या औषधपाण्याचं बाई बघतील, असं ठरलं.

बाहेर बाकावर कपड्यांची पिशवी घेऊन पाय हलवत बसलेल्या पोरीला आजोबांनी सांगितलं. तिने बाईंकडे पाहिलं. “मग पिशवीतले कपडे परत खुंटीला लावू?”

“लाव, बाळा.”

संध्याकाळी बाईंनी पलीकडे शिक्षिकांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. “तुम्ही आला नसतात, तर त्या पोरीला मी माझ्या हाताने...”

“ऐकतेय मी. घाई नाही,” शिक्षिका म्हणाल्या. मग म्हणाल्या, “पोरीचं मार्गी लागलं. आता तुमचं सांगा. या सगळ्यात तुम्हाला काय काय वाटलं?”

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याने खुर्ची पुढे सरकवली. बाई बसल्या, डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.