रामलिंगच्या रानातला भारद्वाज

मित्रांनो, हैदराबादचं कॉलेज अर्ध्यावर सोडून मी कुणासाठी गावी आलो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आज तिचंच लग्न ठरवायला बार्शीला निघालो होतो. गाडी आमची, म्हणून हाकायला मी.

येडशीजवळ रामलिंगच्या दाट रानात तिच्या वडिलांनी, आबांनी, बैल थांबवायला लावले. "शकुनाचा भारद्वाज दिसल्याबिगर निजामाच्या मोगलाईबाहेर पाऊल टाकायचं न्हाय. न्हाय दिसला तर माघारी."

मोर दिसले, वानरं दिसली, भारद्वाज काही दिसेना. तो दिसूच नये म्हणून मी मनात रामलिंगाला हात जोडत होतो. दिसला तरी बोलायचं नाही, असं रागानं ठरवलंही होतं.

ऊन चढलं. आबा म्हणाले, "फिरव रं गाडी."

तेवढ्यात ती मागून ओरडली, "आबा, त्यो काय, पळसावर! तांबडे पंख!"

"खरंच? मला लांबचं दिसत न्हाय. तू बघ रं."

मी बघितलं. पळसावर काहीच नव्हतं. वळून तिच्याकडं पाहिलं, तर ती डोळ्यांनीच विनवत होती.

"व्हय आबा, दिसला की," मी म्हणालो.

बार्शीत मुलाच्या घरात आत्ताच सुपारी फुटली. मी बाहेर बैलांपाशी बसून हे लिहितोय. खरं सांगा, तुम्हाला 'नाही' म्हणता आलं असतं का?