फोटो अजून ओला आहे

माझे सासरे माणसांच्या आतले फोटो काढायचे. एक्स-रे असं कुणी म्हणत नाही, फोटोच म्हणतात, आणि त्यामुळे दवाखान्याच्या त्या मागच्या खोलीत रोज काहीतरी गंमत व्हायची. एक आजीबाई घोट्याच्या फोटोला तोंडावर पावडर थापून आल्या होत्या. एका गृहस्थांनी बरगड्यांचा फोटो काढताना 'हसू का?' म्हणून विचारलं होतं. सगळी गल्ली सासऱ्यांना फोटोकाका म्हणायची. घरात ते बाबा.

बाबांइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गॅस बंद केला की ते परत जाऊन बघायचे, मग सासूबाईंना बघायला पाठवायचे, आणि त्या 'बंद आहे हो' म्हणाल्या तरी वास घेत स्वयंपाकघरात एक फेरी मारायचेच. जिना उतरताना कठडा धरायचे, पण आधी कठडा हलवून बघायचे. आणि असल्या माणसाला नाद कसला, तर भुतांच्या सिनेमांचा! तेही रंगीत नाही. जुने, काळे-पांढरे, परदेशातले. कोपऱ्यावरच्या दुकानातून कॅसेट आणायची, जेवण झालं की पडदे ओढायचे आणि खुर्ची टीव्हीपुढे सरकवून बसायचं. मग धुकं, वाड्याएवढी दारं, मेणबत्ती घेऊन एकटीच तळघरात उतरणारी पोरगी आणि पाठीमागे काळा झगा घातलेला पांढराफटक माणूस.

मला आधी त्यांचं हसू यायचं आणि थोडा रागही यायचा. दिवसभर हाडंच बघायची आणि सुट्टीच्या दिवशीही पुन्हा सांगाडेच? एकदा मी सासूबाईंना तसं म्हणालेही. त्या म्हणाल्या, "अगं, दिवसभर ते बघतात आणि गप्प बसतात. इथे निदान ओरडता तरी येतं."

त्या बोलण्याचा अर्थ मला दवाखान्यात डबा द्यायला गेल्यावर कळला. फोटो धुऊन बाबा बाहेर आले की बाकावरची माणसं उठून उभी राहायची. "काही दिसलं का हो?" असं विचारताना प्रत्येकाचा आवाज बारीक व्हायचा. बाबांना दिसलेलं असायचं. पण ते सांगायचं काम त्यांचं नव्हतं. "डॉक्टर सांगतील," एवढंच म्हणून ते मान खाली घालून आत जायचे. कुणाच्या छातीतलं, कुणाच्या पाठीतलं काय काय पोटात घेऊन हा माणूस घरी येत होता देव जाणे.

सिनेमात तसं नव्हतं. तिथली सावली कुणाच्या घरची नव्हती. "अगं जाऊ नकोस तिकडे! मागे बघ, मागे बघ, मूर्ख कुठली!" असं बाबा टीव्हीवरच्या त्या पोरीला जीव तोडून सांगायचे. स्वयंपाकघरात भांडी घासताना मलाही ते ऐकू यायचं, आणि हळूहळू मी दारात उभी राहून बघायला लागले. खरं सांगते, त्यात काहीतरी होतं. रंगीत सिनेमातलं रक्त मला नेहमी सरबतासारखं वाटतं. यातलं रक्त काळं, त्याचा लाल रंग आपणच मनात भरायचा, आणि आपण भरतो तो जास्तच लाल असतो. भूत लगेच अंगावर येत नाही. आधी दाराची कडी हलते, मग ज्योत वाकते, मग भिंतीवर हात सरकतो. आपण साडीचा पदर मुठीत धरून वाट बघत राहतो, आणि ते येऊ नये असं जितकं वाटतं तितकंच यावं असंही वाटतं.

एकदा असाच एक भलामोठा पंजा जिन्याच्या भिंतीवरून वर चढताना बघून मी किंचाळले. बाबा मागे न बघता म्हणाले, "सावली एवढी मोठी आहे म्हणजे दिव्याजवळ काहीतरी धरलंय. साधा हातमोजासुद्धा असेल." हे त्यांनी मला सांगितलं की टीव्हीला, ते कळायला मार्ग नव्हता. कारण बाबा माझ्याशी थेट बोलत नसत. शाळेत बाईंनी कर्मणी आणि भावे प्रयोग शिकवले तेव्हा हे कुणाच्या उपयोगाचे असा प्रश्न मला पडला होता. सासरी आल्यावर कळलं. "जरा चहा टाकावा." "दार लावून घ्यावं." "बाळाला जरा आत न्यावं." सुनेला 'तू' म्हणायला संकोच आणि 'तुम्ही' म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून या सज्जन माणसाने माझ्यापुरतं व्याकरणच बदलून टाकलं होतं. समोर आले तरी माझ्याकडे न बघता माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघायचे.

मुलगी रांगायला लागली त्या सुमारास मला खोकला धरला. काढे झाले, गोळ्या झाल्या, खोकला हटेना. डॉक्टर म्हणाले, छातीचा फोटो काढून घ्या. छातीचा फोटो म्हटलं की कुठला आजार मनात येतो ते सांगायला नको. माझी थोरली मावशी त्याच आजारात गेली, आणि तिच्या पोरांना शेवटपर्यंत तिच्याजवळ जाऊ दिलं नव्हतं. मला स्वतःचं काही वाटत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे माझी पोर होती. ती माझ्या कुशीत, माझ्या श्वासात झोपत होती.

फोटो अर्थात बाबांनीच काढला. मी फिल्मच्या थंडगार पाटीला छाती लावून उभी राहिले आणि ते दाराशी उभे राहून, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "श्वास घ्यावा... धरावा... सोडावा." मला त्याही अवस्थेत हसू आलं.

संध्याकाळी ते घरी आले. मी विचारलं, "बाबा, फोटो?"

"अजून ओला आहे," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी विचारलं, तेव्हाही तेच. ओला आहे. डॉक्टर बाहेरगावी गेलेत, सोमवारी बघतील. माझा नवरा ट्रक घेऊन लांब गेलेला, विचारणार कुणाला? मग मी बघितलं, बाबा माझं बोलणं नाही, माझं खोकणं ऐकतायत. मी खोकले की त्यांचं वर्तमानपत्र स्थिर व्हायचं. आणि त्या दिवशी सासूबाई काही न बोलता बाळाचं दुपटं आणि उशी आपल्या खोलीत घेऊन गेल्या. "तुला जरा झोप मिळेल," म्हणाल्या. भिंतीपलीकडे पोर रडत होती, मला पान्हा फुटत होता, आणि मी उठून जायचं की नाही हे मला कुणी सांगत नव्हतं.

रविवारी दुपारी बाबांनी कॅसेट लावली. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. वारं सुटलं, दार करकरलं, ती पोरगी जिना चढायला लागली. बाबांचा आवाज नाही. मी दारात आले. पडद्यावर तोच पंजा भिंतीवरून वर वर सरकत होता आणि बाबा त्याच्याकडे बघून खरोखर घाबरले होते. कपाळावर घाम होता. त्यांनी बटण दाबलं. चित्र थांबलं आणि जागच्या जागी थरथरत राहिलं.

माझा तोल गेला.

"तीन दिवस ओला आहे?" मी ओरडले. "समुद्रात बुडवलाय का फोटो? काय दिसलं ते सांगा मला!"

"डॉक्टर..." त्यांनी सुरुवात केली.

"डॉक्टर सांगतील हे पेशंटला सांगायचं! मी या घरातली आहे. माझी पोर उचलून नेलीत तुम्ही. मला कळायला नको?"

सासूबाई बाळाला कडेवर घेऊन धावत आल्या. बाबांनी हात उचलला आणि स्वतःच्याच छातीवर, गळ्याच्या हाडाखाली बोट ठेवलं. "इथे," ते म्हणाले. "सावली आहे."

"कशाची?"

मला काही फार शहाणपण सुचलं होतं असं नाही. घाबरलेलं माणूस काहीही विचारतं तसं विचारलं. पण बाबा थबकले. "कशाची..." ते स्वतःशीच पुटपुटले. त्यांनी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ, डोळे रोखून बघितलं. मी रडताना नेहमीच्या खोडीने वेणी खांद्यावरून पुढे ओढली होती आणि तिचं टोक पिळत होते.

"त्या दिवशी वेणी कुठे होती?" बाबांनी विचारलं.

आणि आम्हाला कुणालाच सांगता येईना. सासूबाई म्हणाल्या, "सकाळी मीच घातली होती, घट्ट, मागे होती." मी म्हणाले, पुढे असेल. मग वाटलं, पुढे असावी म्हणून मी पुढे म्हणतेय. पाटीचा गारवा आठवत होता, भिंतीवरचा पोपडा आठवत होता, पण माझी स्वतःची वेणी आठवत नव्हती. बाबा खोलीत फेऱ्या मारायला लागले. "प्रत्येक बाईला सांगतो मी, वेणी वर घ्या. झोपेतसुद्धा सांगेन. तिथे जाऊन बघतो, मगच बटण दाबतो." मग एकदम थांबले. "तिथे आलोच नाही मी. बघितलंच नाही."

दवाखाना बंद होता, किल्ली बाबांकडे होती. आम्ही तिघं बाळाला घेऊन निघालो. नेहमी रस्ता ओलांडायला युगं लावणारा माणूस त्या दिवशी सायकलींच्या मधून घुसला. मला वाटत होतं, वेणी नसेल तर? नुसती आशा लावून ठेवली आणि सावली तिथेच असेल तर मी परत त्याच रस्त्याने घरी कशी येणार?

आत गेल्यावर बाबा माझ्याजवळ आले. "केस वर बांध," ते म्हणाले. "अजून वर. पिन नको लावूस, नुसती गाठ मार. गळ्यातलं काढ. हनुवटी टेक. खांदे पुढे टाक. हं. आता हलू नकोस." त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. "श्वास घे. धर."

मी धरला. वाटलं, आता सोडूच नये.

बाबा फिल्म घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले, दारावरचा लाल दिवा लागला. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आतून पाण्याचा आवाज येत होता. सासूबाईंनी बाळ घट्ट धरलं होतं, ते माझ्याकडे हात पसरत होतं, आणि मी हात मागे घेऊन बसले होते. सिनेमात निदान वाद्यं वाजतात, काहीतरी येतंय हे कळतं. इथे नुसता नळ वाजत होता.

दार उघडलं. बाबांच्या हातात चौकटीत ताणलेली फिल्म होती आणि तिच्यातून टपटप पाणी गळत होतं. त्यांनी भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर आधी जुना फोटो लावला, शेजारी हा ओला धरला. मला दोन्ही सारखेच दिसत होते. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते आणि तिथे काहीच दिसत नव्हतं.

"बोला ना हो!" सासूबाई रडकुंडीला आल्या.

बाबांचं बोट नव्या फोटोवरून फिरलं. इकडून, तिकडून, पुन्हा इकडून. "काही नाही," ते म्हणाले. "इथे काहीच नाही." मग त्यांनी मला पुढे ओढलं आणि जुन्या फोटोतल्या त्या पांढुरक्या डागावर बोट ठेवलं. "बघ. नीट बघ. पेड दिसतायत. तीन पेडांची आहे."

खरंच दिसत होते. एकात एक गुंफलेले, सासूबाईंनी घट्ट घातलेले. मी हसायला लागले आणि हसता हसता बाळाला ओढून घेतलं. सासूबाई देवाचं नाव घेत डोळे पुसायला लागल्या.

बाबा मात्र स्टुलावर बसले. चेहरा पांढरा पडला होता. "शिकाऊ पोरालासुद्धा ओळखता आली असती," ते म्हणाले. "मला कशी दिसली नाही? आजपर्यंत असे किती जणींचे फोटो काढले असतील मी? किती जणींनी औषधं खाल्ली असतील? किती जणींची पोरं..." त्यांची नजर फोटोंच्या जुन्या पाकिटांनी भरलेल्या कपाटाकडे गेली, आणि मला कळलं की हा माणूस आता एकेक पाकीट उघडणार, रात्रंदिवस.

"बाबा!" मी इतक्या जोरात ओरडले की पोर दचकली. "त्या बाकीच्या बायका तुमच्या सुना नव्हत्या. त्यांच्याकडे तुम्ही नीट बघितलंत. घाबरलात ते माझ्यासाठी!"

त्यांनी मान वर केली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून ते रडले, आणि आम्ही दोघी बायका काय करावं ते न कळून त्यांच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो.

सोमवारी डॉक्टरांनीही तेच सांगितलं. खोकला पुढे निमूटपणे गेला. घरातल्या कुणाचा फोटो काढायची वेळ आली तर बाबा आता दुसऱ्या दवाखान्यात पाठवतात, आणि तिथल्या माणसाला आधी दहा सूचना देऊन येतात. कॅसेट अजून चालू असते. मी आत फोडणी देते, धूर घशात जातो आणि मी खोकते. लगेच बाहेरचा आवाज बंद होतो. मी डोकावून बघते तर काळा झगा अर्धा उचललेला, ती पोरगी तोंड उघडून थरथरतेय आणि बाबा बटणावर बोट ठेवून स्वयंपाकघराकडे कान लावून बसलेले.

"फोडणीचा ठसका आहे, बाबा," मी म्हणते.

"पाणी पी," ते म्हणतात, आणि मी प्यायल्याशिवाय सिनेमा पुढे जात नाही.