दोनसूत आणि अक्काची उघडी गाडी

बस बांधणीच्या कारखान्यात त्याला सगळे दोनसूत म्हणत. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. पट्टी दोन सूत चुकली की हा जोडारी ती परत पाठवायचा, मग ती बनवणारा नवशिका असो की साहेबाचा मेहुणा. "दोन सुतांनी बस उलटणार आहे का?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "दोन सूत हे चुकीचं थोरलं पोर. धाकटी मागून येतातच." अडतीस वर्षांनी निवृत्त झाला तेव्हा सोबत्यांनी त्याला एक पोलादी पट्टी दिली, दोन सुतांची रेघ तांबड्या रंगात भरलेली. सगळे हसले. हा हसला नाही. खिशातली जुनी पट्टी काढून त्याने नवी तिच्याशी लावून पाहिली. बरोबर निघाली, तेव्हा हसला.

घरात त्याच्यापेक्षा काटेकोर माणूस एकच होतं, त्याची मोठी बहीण. तिला सगळे अक्काच म्हणत. पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं. "माझं लग्न मशीनशी झालं, आणि नवरा अजून कुरकुरतो," असं ती सांगायची. नाटकवाल्यांचे कपडे शिवता शिवता तिने एक गाडी घेतली होती. दोन दारांची, मोरपंखी रंगाची, कापडी छप्पर गुंडाळून मागे टाकायची. वीस वर्षं ती गाडी अक्काने चालवली. मागच्या सीटवर राजांचे झगे वाऱ्याने फुगायचे आणि रस्त्यावरची माणसं वळून बघायची.

मग अक्का जिन्यावरून पडली. गुडघा जोडला गेला, पण वाकायचा थांबला. डावा पाय काठीसारखा सरळ राहिला आणि क्लच डाव्या पायाखाली. गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली, ती नऊ वर्षं तिथेच.

एका सकाळी एक शौकीन गृहस्थ आले. जुन्या गाड्या जमवायचा त्यांना नाद होता. चौदा होत्या, सगळ्या एका दालनात पुसून उभ्या. त्यांनी ताडपत्री उचलली, गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "बाई, द्या मला. फुलासारखी ठेवीन."

अक्का काठी टेकत शेडपर्यंत आली. "ठेवाल हो. पण चालवाल का?"

"अशा गाड्या चालवत नाहीत, जपतात."

"उभी गाडी आणि बसलेली बाई, दोघींना गंजच चढतो," अक्का म्हणाली. काठीचं टोक तिने चाकाला लावलं. "पण मला कुठे चालवता येतेय. न्या."

दोनसूत हात पुसत पुढे आला. "चार महिने थांबा."

"कशाला रे?"

"तुझा पाय वाकत नाही ना? मग क्लच वाकवतो. हातात आणून देतो."

अक्काने भावाकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे. "बरं. चार महिन्यांनी पहिल्या रविवारी तुम्ही या. मी गाडी स्वतः चालवत फाटकाबाहेर नेली तर माझी. नाही नेली तर तुमची. मग रडारड नाही, माझी नाही आणि ह्याचीही नाही."

पाहुण्यांनी मान डोलावली. दोनसूतने शेडच्या दारावर खडूने तारीख लिहिली.

पहिले दोन महिने सगळं त्याच्या मनासारखं झालं. इंजिन खाली उतरवलं, उघडलं, धुतलं, बसवलं. मोडीत निघालेल्या एका व्हॅनचा ब्रेकचा बूस्टर आणला आणि तो क्लचला जोडला. गिअरच्या दांड्यावर स्कूटरसारखी मूठ बसवली. मूठ नुसती दाबायची. क्लच दाबायचा जोर इंजिन लावणार. ऐकायला सोपं आहे. मुठीपासून बूस्टरपर्यंतची तार त्याने सात वेळा बसवली आणि सहा वेळा काढली. अक्काला सीटवर बसवून मूठ दाबायला लावली.

"कसं वाटतंय?"

"लिंबू पिळल्यासारखं."

"जड?"

"छे. पिकलेलं लिंबू."

सीट वीतभर मागे सरकवली, पाय ठेवायला सरळ पाट केला. परवाना कचेरीतले परीक्षक येऊन हातक्लच बघून गेले, म्हणाले, बाकीचं काम पुरं झालं की शिक्का मारतो. दोनसूतची बायको चहा घेऊन शेडमध्ये यायची आणि म्हणायची, "अहो, लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण माझ्या खुर्चीचा पाय अजून हलतोच आहे." तो म्हणायचा, "तुझा नंबर पुढच्या महिन्यात." ती म्हणायची, "कुठल्या सालच्या?"

अक्का रिकामी बसणारी नव्हती. छप्पर ती शिवणार होती, आणि दारांच्या वरचे कापडी पडदेही. पत्रा कापायच्या आधीच ती शेडमध्ये आली. पुढच्या काचेच्या खांबापासून छपराच्या मागच्या कमानीपर्यंत तिने जाड खाकी कागद लावला, कडेने पेन्सिल फिरवली आणि दोन्ही दारांवरचे दोन कागद कापून नेले.

"आत्तापासून?" दोनसूत म्हणाला. "अजून गाडीला धड तळ नाही."

"शिंपी आधी माप घेतो, मग कात्री. तुमच्यात उलटं असेल."

तळ खरोखरच नव्हता. दारांखालून पुढून मागे जाणारी पोकळ लोखंडी पेटी असते. दोनसूत तिला उंबरा म्हणायचा. दोन्ही उंबरे गंजून बिस्किटासारखे झाले होते. त्याने गाडी पुढून आणि मागून टेकूच्या लोखंडी घोड्यांवर चढवली, डावा उंबरा कापून काढला, नवा पत्रा वाकवून बसवला, टाके मारले, मग अखंड वेल्डिंग केलं. त्यानंतर उजवा. बारा दिवस लागले. जोड असे की बोट फिरवलं तरी कळू नये. घासून झाल्यावर तो चार पावलं मागे सरकून उभा राहिला. अडतीस वर्षांत इतका सरळ उंबरा बसवल्याचं त्याला आठवेना.

दारं बसवली. लागेनात.

दोन्ही दारं वरच्या मागच्या कोपऱ्यात घासत होती. त्याने बिजागऱ्या सैल केल्या, पुन्हा आवळल्या. कुलूप काढून तेल घातलं. एका बिजागरीखाली पत्र्याची चकती सारली. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तो शेडची जमीन मापायला लागला, उतार आहे का बघायला.

अक्का दारात उभी होती. "नाचता येईना, अंगण वाकडं?"

"बिजागऱ्या जुन्या आहेत, अक्का."

"बिजागऱ्या नऊ वर्षं उघडल्यासुद्धा नाहीत." तिने काखेतला खाकी कागद काढला. "हा जरा धर. मला पडद्याला बटणं कुठे येतात ते बघायचंय."

कागद दारावर धरला. पुढचं टोक खांबाला लागलं. मागचं टोक कमानीवर चढलं आणि कागदाला मधे पोट आलं. अक्काने दुसऱ्या बाजूचा कागद लावला. त्यालाही पोट. तिने गळ्यातली टेप काढून जास्तीचा कागद मापला.

"किती?" दोनसूतने विचारलं, पण त्याला कळलं होतं.

"दोन सूत."

तो खालीच बसला. त्याने आयुष्यभर बसगाड्या बांधल्या. बसला छप्पर असतं. खालचा उंबरा कापला तरी वरचं छप्पर सांगाडा धरून ठेवतं, म्हणून तिथे कुणी आधार लावत नाही. उघड्या गाडीला डोक्यावर काही नाही. तिचं सगळं बळ दारांखालच्या दोन उंबऱ्यांत. ते त्याने कापले तेव्हा पुढून मागून टेकलेली गाडी मधे बसली, दोरीवरच्या ओल्या गोधडीसारखी. आणि त्या वाकलेल्या गाडीला त्याने बारा दिवस खपून, उत्तम वेल्डिंग करून, कायमचं वाकडं करून ठेवलं होतं. उंबरा सरळच होता. गाडी वाकडी होती.

"मोडेन पण वाकणार नाही, असं तू सगळ्यांना सांगत असतोस," अक्का म्हणाली. "तू नाही वाकलास. गाडी वाकवलीस."

त्याने बसल्या बसल्या उंबऱ्याच्या जोडावरून बोट फिरवलं.

दुपारी कोपऱ्यावरचा डेंटर आला. रंग तो मारणार होता. ठोकण्यापेक्षा लांबी, म्हणजे पुट्टी, भरण्यावर त्याचा भरवसा जास्त, म्हणून त्याचं नाव लांबीशेठ पडलेलं. त्याने दार लावून बघितलं, कोपऱ्यावर बोट फिरवलं.

"एवढंच ना? दार वरून दोन सूत घासतो, खाली लांबी भरतो, वर मोरपंखी मारतो. दोन दिवस. कुणाच्या बापाला कळतंय?"

"गाडी तशीच राहील."

"राहू दे की. अक्का काय शर्यतीत पळवणार आहे? रविवारला किती राहिलेत?"

दोनसूतने शेडच्या दाराकडे पाहिलं. "एकोणीस दिवस."

"बारा दिवस बांधायला लागले, काढायला वेगळे. गणित तूच कर. तुझं हे दोन सूत दोन सूत बहिणीची गाडी घालवणार बघ."

लांबीशेठ वाईट माणूस नव्हता. खरंच मदत करायला आला होता, म्हणून तर त्याचं बोलणं जड गेलं. दार घासलं असतं तर लागलं असतं. पाहुण्यांना दिसलं नसतं. पण वाकलेली गाडी पहिल्या खड्ड्यात आणखी बसली असती, दार पुन्हा अडकलं असतं, आणि ज्या बाईचा पाय वाकत नाही ती आत अडकली असती. शिवाय त्याला स्वतःला कळत होतं. ते एक पुरेसं होतं.

तो पुढच्या खोलीत गेला. अक्का कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत होती. पातं टाक्याखाली सारायचं, उचलायचं, पुढे जायचं. तिने वर बघितलं नाही.

"काय चुकलं होतं?" त्याने विचारलं.

"काही नाही. सुरेख शिवली होती. उलटी लावली." तिने दोरा उपटला. "उसवायला शिंप्याला लाज वाटत नाही रे. तुम्हा लोहारकाम्यांनाच का वाटते?"

"दिवस कमी आहेत."

"एक सांग. मी पक्की शिवण मारायच्या आधी काय करते?"

"कच्चे टाके घालतेस."

"मग तू का नाही घातलेस?"

"बसला लागत नाहीत."

"ही बस आहे?"

तो उठला. जाताना तिचे दोन्ही खाकी कागद घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने ग्राइंडर लावला. स्वतःचे जोड स्वतःच्या हाताने कापणं अवघड असतं, त्यात चांगले जोड. त्याने बघायचं टाळलं नाही. एक एक टाका कापला, पत्र्याला इजा न होऊ देता, कारण तेच उंबरे परत वापरायचे होते. पाच दिवसांत दोन्ही सुटले. मग गाडीच्या मधोमध, दोन्ही बाजूंना, जॅक लावले. अक्का स्टुलावर बसून कागद धरायची आणि तो जॅकची दांडी पाव फेरा फिरवायचा.

"अजून पोट आहे."

पाव फेरा.

"कमी झालं. अजून."

पाव फेरा. लोखंड कण्हलं.

"थांब! जास्त झालं. कागद ताणतोय."

केसभर खाली. कागद खांबापासून कमानीपर्यंत असा बसला की जणू चिकटवलाय. त्याने पट्टी काढली नाही. अक्काच्या कागदावर त्याचा विश्वास बसला होता. दोन्ही दारांच्या मोकळ्या जागेत त्याने आडवे पाइप टाकले आणि टाके मारून पक्के केले.

"हे कच्चे टाके," तो म्हणाला.

"उशिरा का होईना," अक्का म्हणाली.

मग त्याने उंबरे परत बसवले. दुसऱ्यांदा केलेलं काम लवकर होतं, कारण हाताला वाट माहीत असते. तरी सात दिवस गेले. चार दिवस रंगाला. लांबीशेठने तक्रार न करता मारला, आणि लांबी भरायला कुठे जागाच उरली नाही म्हणून शेवटी उगाच पुसत बसला. "मला बेकार केलंस," म्हणाला. परीक्षक येऊन शिक्का मारून गेले. छप्पर शनिवारी चढलं. एकोणीस दिवसांतला एक उरला, तो बायकोच्या खुर्चीच्या पायाला गेला.

रविवारी शौकीन गृहस्थ आले, गाडी न्यायला एक माणूस सोबत घेऊन. छप्पर मागे गुंडाळलेलं होतं. अक्का आधी सरळ पाय आत घालून, मग स्वतः सरकून बसली. हातात नाटकवाल्यांनी कधीकाळी दिलेले पांढरे हातमोजे.

"बसा," तिने पाहुण्यांना शेजारची सीट दाखवली.

ते बसले आणि जुन्या गाडीचं दार जसं लावतात तसं त्यांनी हात उगारला.

"आपटू नका," दोनसूत म्हणाला. "एका बोटाने."

पाहुण्यांनी संशयाने एक बोट लावलं. दार फिरलं आणि टक् करून बसलं. त्यांनी उघडलं, परत एका बोटाने लावलं. टक्.

इंजिन सुरू झालं. अक्काने मूठ दाबली, पहिला गिअर टाकला, मूठ सोडली. गाडी फाटकातून बाहेर पडली. दोनसूत फाटकाशी उभा राहून कान देऊन ऐकत होता. दुसरा पडला. तिसरा, कुरकुर न करता. मग वळणामागे आवाज गेला.

वीस मिनिटांनी दोघं परत आले. पाहुण्यांचे केस उभे राहिले होते आणि चेहरा लहान मुलासारखा झाला होता. उतरून त्यांनी सोबतच्या माणसाला रिकामंच परत पाठवलं. "माझ्याकडे चौदा आहेत," ते दोनसूतला म्हणाले, "पण घरी जाऊन एक तरी बाहेर काढतो आता."

अक्का आतच बसून होती. दोनसूत तिच्या दाराशी आला. ती काय म्हणणार, याची वाट बघत उभा राहिला.

"क्लच एक सूत लवकर धरतोय," ती म्हणाली.

"माहीत होतं मला," दोनसूत म्हणाला, आणि पाना आणायला शेडमध्ये गेला.