न बसण्याची पैज

माझ्या वडिलांइतका हट्टी माणूस मी पाहिलेला नाही, आणि हे मी कौतुकानं सांगत नाहीये. हट्टी वडिलांचे किस्से लोक जेवणाच्या टेबलावर हसत हसत सांगतात. मला अजून हसू येत नाही.

आई गेल्यावर बाबा पुण्यात एकटेच राहायला लागले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी इथे परदेशात, पुंगोलला. रोज संध्याकाळी फोन. जेवलात का? जेवलो. बरं आहे ना? उत्तम. मग एकदा शेजारच्या काकू बोलता बोलता सहज म्हणाल्या, की बाबा जिन्यात पडले होते आणि पंधरा दिवस हात गळ्यात होता. पंधरा दिवस! आणि मला रोज संध्याकाळी उत्तम! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्याच आठवड्यात जाऊन मी त्यांना घेऊन आले आणि त्यांच्या लाँग टर्म पाससाठी, म्हणजे इथे माझ्याकडे राहायच्या परवान्यासाठी, कागद जमवायला लागले.

त्यांना न विचारता. ते त्यांना कळलं आणि घरात आठ दिवस नुसता तमाशा झाला. "मला काय कुरिअरनं मागवलंयस का?" असं ते म्हणाले. मी म्हणाले, "तिकडे परत पडलात तर मला कोण सांगणार? काकू?" ते म्हणाले, "माझी टेकडी आहे तिकडे, माझी माणसं आहेत. इथे मी लिफ्टमधून खाली जातो, आणि लिफ्टमधून वर येतो." माझी मुलगी मध्येच इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा नॉट हॅपी लाह." तिलाही मी ओरडले.

शनिवारी सकाळी चहा घेता घेता त्यांनी पैज लावली.

"तुझ्या मते मी म्हातारा झालोय ना? इथे तो डोंगर आहे म्हणतेस, बुकिट तिमा. उद्या जाऊ. माथ्यावर जायचं, पलीकडून उतरायचं, अख्खा फेरा मारून परत यायचं. एकदा जरी बसलो, तर तू दाखवशील तिथे सही करतो. नाही बसलो, तर माझं तिकीट काढायचं आणि हा विषय बंद."

शहाण्या मुलीनं नाही म्हटलं असतं. पण मीही त्यांचीच. "चालेल," मी म्हणाले, "आणि नुसतं टेकलात तरी बसलात असं धरणार." ही पुरवणी माझी.

रविवारी सातला आम्ही पायथ्याशी होतो. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पाटीवरची उंची वाचून म्हणाले, "एकशे त्रेसष्ट मीटर? याला डोंगर म्हणतात होय? आमच्या जिन्याला तरी मान द्या मग." आणि निघाले. मी बाटली पुढे केली, तर हात झटकला. चढताना पाणी प्यायचं नाही, प्यायचं ते माथ्यावर, हा त्यांच्या जुन्या ट्रेकिंगवाल्यांचा नियम. लहानपणी मला सगळे गड असेच कोरड्या घशानं चढायला लावले होते.

"बाबा, ही आपली थंडीतली हवा नाही. इथे नुसतं उभं राहिलं तरी घाम निथळतो."

"चढताना पाणी नाही."

खरं सांगते, ते हरावेत असंच मला वाटत होतं. त्यांना धाप लागतेय का, ते मी कान देऊन ऐकत होते. वळणावर बाक दिसला की मनात म्हणायची, आता बसतील. स्वतःच्या बापावर असं टपून राहायची मला लाज वाटत होती, आणि लाज वाटत होती म्हणून मी आणखीच चिडत होते. ते मात्र सरळ माथ्यावर पोचले. तिथल्या दगडापाशी उभं राहून दोनच घोट प्यायले. बाकीचे सगळे पसरून सँडविच खात होते. बाबा उभेच. "चल, अर्धं झालं," म्हणाले.

पण खरा त्रास होता तो उतरणीलाच. उंच उंच पायऱ्या, मग झाडी संपून नुसती कमरेएवढी झुडपं आणि गवत, डोक्यावर ऊन. मागे फिरावं तर पुन्हा चढ, पुढे जावं तर अजून तास-दीड तास. बाबांचा वेग मंदावला. पाणी दिलं तर मान हलवून नाही, आता खाली पोचल्यावरच. आणि एका वळणावर ते थांबले. दोन्ही हातांनी कठडा धरला. शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा राखेसारखा. चार पावलांवर बाक होता.

"बाबा, बसा."

"नाही."

"अहो, बसा म्हणते ना!"

"बसलो की सही करावी लागेल."

"खड्ड्यात गेली ती सही! पैज रद्द. बसा."

"आता रद्द म्हणशील," ते कसेबसे म्हणाले, "आणि घरी गेल्यावर म्हणशील, बसलात."

मी किंचाळले. अक्षरशः किंचाळले. वरून उतरणारं एक जोडपं थबकलं आणि अंग चोरून बाजूनं निघून गेलं. मी म्हणाले, "तुम्ही मरायला निघालायत आणि ते मी बघत उभी राहायचं का?" आणि बोलता बोलताच लक्षात आलं, की टेकायचंसुद्धा नाही ही अट मीच घातली होती. त्या बाकावर बसायचा रस्ता मीच त्यांना बंद करून ठेवला होता.

"काढते तिकीट. शपथ. आता तरी बसा."

"आधी काढ."

त्या उन्हात, घामट बोटांनी, मी मोबाइलवर तिकीट काढायला लागले. रेंज येत होती, जात होती. पासपोर्टचा नंबर मला पाठ नव्हता. त्यांना होता. कठड्याला धरून, डोळे मिटून, त्यांनी एकेक आकडा सांगितला. कधीचं, विचारलं तर म्हणाले, बुधवारचं. तोवर ते बाजूला झुकायला लागले होते, मी एका हातानं त्यांची कॉलर धरून दुसऱ्या हातानं ओटीपी टाकला.

"झालं!"

"दाखव."

त्यांनी फोन लांब धरून नाव वाचलं, तारीख वाचली. मग ती चार पावलं चालले, बाकावर बसले आणि सगळी बाटली संपवली.

मी बसले नाही. तिकडे तीन मजले, जिना, रोजचं ते उत्तम, सगळं जसंच्या तसं, आणि मी माझ्याच हातानं त्यांना बुधवारी तिकडे पाठवणार होते. अर्धा तास गेला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. मग त्यांनी उठायला बघितलं. उठता येईना. पुन्हा बघितलं. शेवटी त्यांनी माझ्याकडे हात केला.

मी हात दिला नाही.

"तिकडे कोण उठवणार तुम्हाला?" मी विचारलं.

त्यांनी हात तसाच पुढे ठेवला.

"तिकडचं तिकडे बघू," ते म्हणाले. "आत्ता तू उठव."