काकांचे दोन सर्व्हर

कुणाबद्दल लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला. तरी राजेंद्र नगरातल्या माझ्या घरमालक काकांबद्दल लिहितोय, चुकलं तर माफ करा.

काकांनी घरात दोन मीडिया सर्व्हर, म्हणजे टीव्हीवर सिनेमे दाखवणारे छोटे संगणक, ठेवलेत, एक त्यांच्या टीव्हीसाठी, एक काकूंच्या. सिनेमे आणि घरचे व्हिडिओ मात्र दोघांचे एकाच हार्ड डिस्कवर. "भिया, गृहस्थी अशीच चालते," पोह्यांवर शेव पसरत ते सांगतात, "सामान एक, रिमोट दोन."

गेल्या सोमवारी त्यांनी आपल्या सर्व्हरवरून मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ पुसला. त्यात काका नाचता नाचता व्याह्यांच्या अंगावर पडतात, आणि काकू दर रविवारी तो बघून पोट धरून हसतात.

"माझ्याकडचा उडवला. तिच्याकडे आहे ना, बघू दे तिला!"

फाइल दोघांची एकच होती, हे मी चाचरत सांगितलं. काकांनी आधी काकू कुठे आहेत ते पाहिलं. सर्व्हर मीच जोडून दिले होते आणि दोन्हीकडून फाइल पुसायची सोयही मीच केली होती, त्यामुळे व्हिडिओ परत आणायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

आठवडाभर ते काकूंना म्हणत राहिले, "तुझा सर्व्हर अपडेट होतोय, हात लावू नकोस." आणि मला जिन्यात गाठून, "आला का रे परत?"

"नाही काका."

रविवारी सकाळी देवासहून काकूंच्या बहिणीचा फोन आला. काकूंनी तो व्हिडिओ तिला केव्हाच पाठवला होता, आणि आदल्या दिवशी तिच्या महिला मंडळाने तो मोठ्या पडद्यावर दाखवला, आग्रहास्तव दोनदा.